जाळी पाटावर होती

रहिमतपूर,
सोमवार, दुपार

प्रिय धैर्यशील,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, हे आधीच सांगून टाकते. खोडणार होते. पण बेचाळीस वर्षं ज्याला प्रिय म्हणत आले, त्याला एका भाऊबिजेत दुसरं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून ठेवलंय. त्याचा गैरसमज करून घेऊ नकोस. भाऊबिजेपासून तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेजला उत्तर नाही. परवा तुझ्या बायकोनं फोन घेतला आणि ‘ते अंघोळीला गेलेत’ म्हणाली, दुपारी तीन वाजता. म्हणून हा कागद. स्पीड पोस्टानं पाठवतेय, बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडेल आणि सही करूनच घ्यावा लागेल, त्यामुळं मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही. गुरुवारी अकरा वाजता सांगलीत कामगार अधिकाऱ्यांपुढं सुनावणी आहे. तुझ्या हाताखालच्या नाथाजीची बोटं मशीनमधे कुणामुळं गेली हे तिथं ठरणार, आणि तुमच्या कंपनीचा रिपोर्ट ग्राह्य धरला तर ती नाथाजीमुळंच गेली असं ठरणार. मग बोटंही गेली, कामही गेलं आणि वर नाव खराब. त्याच्या आत तू हे पत्र शेवटपर्यंत वाच.

रिपोर्टातलं ते वाक्य तुला पाठ असेल. मला तर झोपेतही म्हणता येतं. ‘अनऑथोराइज्ड रिमूव्हल ऑफ द सेफ्टी गार्ड बाय द ऑपरेटर रिझल्टेड इन द इंज्युरी.’ काय झोकदार वाक्य आहे! वाचणाऱ्यानं मान डोलवावी आणि शिक्का मारावा. सव्वीस वर्षं मी नववीच्या पोरांना इंग्रजीच्या तासाला हेच शिकवत आले. फळ्यावर डावीकडं एक चौकोन, त्यात कारण. उजवीकडं एक चौकोन, त्यात परिणाम. मधे बाण. ‘लेड टू’ म्हटलं, ‘रिझल्टेड इन’ म्हटलं की बाण डावीकडून उजवीकडं. ‘रिझल्टेड फ्रॉम’, ‘वॉज कॉज्ड बाय’ म्हटलं की उलटा. पोरं महापुराचं उदाहरण देतात, उसाच्या भावाचं देतात, आणि बाण बरोबर काढला की मी मार्क देते. डाव्या चौकोनात कुणाला कोंबलंय, आणि कुणाला हळूच बाहेर ठेवलंय, हे मी कधी तपासलं नाही. परीक्षेत ते विचारत नाहीत.

आता आठव. दसऱ्यानंतर चौथा दिवस. मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते आणि तुझा मेसेज आला. मराठीत तीन वाक्यं होती. ‘जाळी काढलेली होती. प्रेस चालू केली. नाथाजीची बोटं गेली.’ खाली लिहिलं होतंस, आक्का, मालकांना इंग्लिशमधे पाहिजे, तुटक वाटतंय, एकात बसव की. मला धक्काच बसला. नाथाजी म्हणजे आपलाच ना, माझं कपाट टेम्पोतून घेऊन आला होता तो, असं मी विचारलं. तू म्हणालास, हो, पण आता बरा आहे, तू आधी वाक्य दे. मी विचारलं, जाळी कुणी काढली होती? तू उत्तर लिहिलंस, ऑपरेटरनं. एवढंच. आणि मी मूर्ख बाई, तुझी तीन वाक्यं घेऊन एका झटक्यात जोडून दिली. वर खूशही झाले, की बघा, अजून हात चालतो. तू अंगठा पाठवलास आणि ‘आक्का एक नंबर’ असं लिहिलंस. ‘अनऑथोराइज्ड’ माझं नव्हतं. ते तू नंतर घातलंस. बाकी सगळं माझं, आणि त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

तुला वाटेल, आक्का आज अचानक सत्यवादी झाली. नाही रे बाबा. मीच तुला बिघडवलंय, हेही लिहूनच ठेवते. तू दहा वर्षांचा होतास. पाण्याची पाळी शेजारच्या वावरातल्या लालासाहेबांची होती आणि तू खेळता खेळता पाटाचं दार आपल्या वावराकडं वळवलंस, आणि परत फिरवायला विसरलास. रात्रभर पाणी आपलं शेत भरून त्यांच्या खालच्या तुकड्यात साचून राहिलं आणि त्यांच्या आल्याचं पीक बुडालं. लालासाहेब सकाळी दारात येऊन उभे राहिले. आबा मिलिटरीतून सुट्टीवर आलेले, हातात पट्टा. तू माझ्या पाठीमागं. मी अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, आबांचा माझ्यावर विश्वास. मी म्हणाले, उंदरांनी बांध पोखरला, मी सकाळी बघितलं. आबांनी पट्टा खाली ठेवला. लालासाहेब परत फिरले. तू मला मिठी मारलीस आणि आपण दोघं दिवसभर हसलो. त्या माणसाचं वर्षाचं पीक गेलं होतं आणि आपण हसत होतो. तेव्हा तुझ्या पाठीत एक धपाटा घालून तुला पुढं ढकललं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

भाऊबिजेला तुला ओवाळलं आणि म्हटलं, चला, नाथाजीला फराळ देऊन येते. तू म्हणालास, कशाला आक्का, तो गावाकडं गेला असेल, जतला. तुझी बायको ताटं आवरताना तुझ्याकडं बघायला लागली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी रिक्षा केली आणि कुपवाडला गेले. घरीच होता तो. कुठला गाव आणि कुठलं काय! खाटेवर बसला होता, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून. तर्जनीपासून तीन बोटं नाहीत. मला बघितल्यावर उठायला लागला आणि सवयीनं तोच हात टेकायला गेला. रेश्मानं, त्याच्या बायकोनं, मला पाटावर बसवलं, चहा दिला आणि ट्रंकेतून एक कागद काढला. म्हणाली, “आक्का, तुमी इंग्लिशच्या मास्तरीण. कंपनीनं ह्ये दिलंय, आमाला कुणी नीट सांगंना. वाचून दावा की.” मी चष्मा लावला. माझं वाक्य होतं.

कसं वाचलं असेल मी, कल्पना कर. माझ्याच वाक्याचं मराठी मी त्या दोघांपुढं केलं. परवानगीशिवाय जाळी काढली, ती चालवणाऱ्यानं काढली, त्यामुळं इजा झाली. मला वाटलं, तो भडकेल, निदान नाही तरी म्हणेल. तो म्हणाला, “व्हय की. जाळी म्याच काढली. दर वर्साला मीच काढतो, मीच धुतो, मीच पाटावर मांडतो.” अगदी शांतपणे. त्यात काही लपवायचं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तुला होतं.

मग त्यानं सगळं सांगितलं आणि मी ऐकलं. खंडेनवमीला तुमच्या शॉपमधे सगळी यंत्रं डिझेलच्या फडक्यानं पुसतात. प्रेसची पुढची जाळी, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली, काढतात, घासतात, आणि पाने, हातोडे, पकडी यांच्याबरोबर पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू, नारळ. मालकीणबाई, म्हणजे तुमच्या वहिनीसाहेब, येऊन पूजा करतात. मांडलेली पूजा दसऱ्याच्या संध्याकाळच्या आरतीपर्यंत हलवायची नाही. इतकी वर्षं असंच चाललंय आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण दसऱ्याला शॉप बंद असतं. यंदा मात्र माल बाराला टेम्पोत भरायचा होता आणि थोडे नग कमी पडत होते. नाथाजी जवळ राहणारा, म्हणून सणाच्या सकाळी तू त्यालाच बोलावलंस. प्रेसवरचा हार तू स्वतःच्या हातानं काढून बाजूला ठेवलास. मग नाथाजी जाळी आणायला पाटाकडं गेला आणि त्यानं तुला विचारलं, घालू का. तू काय म्हणालास? त्याच्या तोंडचंच लिहिते, कारण मी घरी येऊन ते वहीत उतरवलं. “सायब म्हणलं, पूजा हालवू नगंस, वैनीसाब सांजच्याला येणारत, त्यास्नी दिसंल. दीड तासाचं तर काम. बेतानं चालव.”

म्हणजे यंत्राची पूजा मोडली तर चालली, पण जाळीची नाही! प्रेसचा हार परत घालता आला असता, वहिनीसाहेबांना कळलं नसतं. पण पाटावरची जाळी उचलली की तिथली रांगोळी मोडणार, हळदकुंकू विस्कटणार, आणि सणाच्या दिवशी शॉप चालवलं हे मालकांच्या घरात कळणार. एवढ्यासाठी. मी दुसरं काही कारण शोधलं, धैर्यशील. खूप शोधलं. तुझी बहीण आहे म्हणून शोधलं. नाही सापडलं. आणि तू तिथं थांबलाही नाहीस. हुकूम दिलास, गाडीला किक मारलीस आणि निघालास. पायानं पॅडल दाबायचं आणि हातानं पत्रा सरकवायचा, पुढं जाळी नाही, शेजारी माणूस नाही. अकरा वाजता झालं. वॉचमननं त्याला रिक्षात घातलं.

मी विचारलं त्याला, अरे मग बोलला का नाहीस? हॉस्पिटलात जबाब घ्यायला आले तेव्हा का नाही सांगितलंस? तर म्हणतो, “आवं आक्का, मेंढरांमागं फिरत हुतो मी. सायबांनी मशिनीवर उभं केलं. अकरा वर्सं त्यांच्याच हाताखाली हाय. त्यांचं नाव कसं घ्यायचं?” रेश्मा मधेच कडाडली, “तुमी न्हाई घ्यायचं, आन त्यांनी तुमचं घ्यायचं!” फराळाचा डबा तिथं ठेवला आणि निघाले. चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी तुझ्या घरी काय झालं ते तुझ्या पोरांनीही ऐकलंय. मी ओरडले, ते कबूल. पण तू काय म्हणालास ते मी विसरणार नाही. तू म्हणालास, तुझ्यामुळंच झालं हे सगळं, आक्का. दसऱ्याला सकाळपासून तीनदा फोन कुणी केला? मामा आल्याशिवाय सुपारी फुटणार नाही, पाहुणे एकला येणार, लवकर निघ, असं कुणी म्हटलं? दाजींनी मला बाहेर आणून गाडीत बसवलं.

तीनदा नाही, चारदा केला. फोनमधे बघितलं मी. आठला, साडेआठला, नऊला आणि सव्वानऊला. राजेश्वरीची सुपारी होती, पाहुणे येणार होते, भात लावायचा होता आणि तुझा पत्ता नव्हता. शेवटच्या फोनला मी रागावले होते, हेही खरं. मग मी गेले पंधरा दिवस हेच करत बसलेय, कारणाच्या मागचं कारण. नाथाजीची बोटं गेली कारण जाळी नव्हती. जाळी नव्हती कारण तू घालू दिली नाहीस. घालू दिली नाहीस कारण तुला घाई होती आणि मालकांची भीती होती. घाई होती कारण मी फोन करत होते. मी फोन करत होते कारण पोरीचं लग्न जमत होतं. असं मागं मागं गेलं की राजेश्वरीपर्यंत पोचतं, आणि तिच्याही मागं जाता येईल. तुला तेच पाहिजे, नाही का? इतकी कारणं गोळा करायची की त्या गर्दीत तू दिसूच नयेस. माझ्या वाट्याचं मी घेते. फोन माझे होते. पण ‘पूजा हलवू नकोस’ म्हणणारं तोंड तुझं होतं. माझ्या फोनमुळं तुला उशीर झाला असता, फार तर पाहुणे खोळंबले असते. त्यांना मी चार वेळा चहा पाजला असता.

आणि एक गोष्ट मला उशिरा समजली. तू एकच्या आधी पोचलास, पाय धुतलेस, फेटा बांधलास, सुपारी फोडलीस. तुझा फोन वाजला होता तेव्हा. मला नीट आठवतंय, कारण होणाऱ्या व्याह्यांनी चेष्टा केली की मॅनेजरसाहेबांना सणाला पण सुट्टी नाही. तू परसात गेलास, परत आलास आणि पंगतीला बसलास. मी श्रीखंड वाढायला आले तर ताट पुढं केलंस. दोनदा. परवा मी वॉचमनला फोन करून विचारलं, साहेबांना कधी कळवलंत? तो म्हणाला, पहिला फोन साडेअकरालाच. म्हणजे कऱ्हाडच्या आसपास तुला कळलं होतं. तिथून गाडी वळवता आली असती. तू पुढं आलास आणि माझ्या घरात जेवलास. माझ्या हातचं, धैर्यशील! मला ते ताट आठवलं की किळस येते.

दाजी म्हणतात, लग्न माघात आहे, तोवर गप्प बस, भावाशी वैर घेऊन मांडव घालतात का. ते चांगले आहेत, पण त्यांना भांडण नको असतं, कधीच नको असतं. राजेश्वरीला मी सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, मामाला विचारलंस का पुन्हा, नीट? विचारतेच आहे की. तुझ्या जागी दुसरा मामा उभा करणार नाही मी, तेवढं वाईट माझ्याकडून होणार नाही. पण तू त्या जागी कसल्या तोंडानं उभा राहणार, ते तुझं तू बघ.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. काल रविवारी नाथाजी माझ्या घरी आला होता. सांगलीहून पॅसेंजरनं, एकटा. मला वाटलं, सुनावणीचं विचारायला आला असेल. त्यानं खिशातून घडी काढली. मराठीत टाईप केलेला कागद, त्याच्या नावानं लिहिलेला. माझ्याच निष्काळजीपणामुळे अपघात झाला, कंपनीचा किंवा कोणाही अधिकाऱ्याचा दोष नाही. म्हणाला, हे दिलं तर वॉचमन म्हणून ठेवतो असं साहेब म्हणालेत. आणि मग म्हणाला, “इंग्लिशमधी करून आण म्हणलं. आक्काकडनंच आण, ती झकास करती.” त्याला माहीत नव्हतं की आधीचंही मीच केलं होतं. काल सांगितलं. पाय धरायला वाकले तर मागं सरकला, म्हणाला, असं करू नका. तू त्याला माझ्याकडं पाठवलंस, धैर्यशील. त्याची बोटं घेतलीस, आणि त्याच्या तोंडात घालायचं वाक्य आणायला त्यालाच तिकीट काढायला लावलंस. मी तो कागद बाजूला ठेवला. म्हटलं, नाथाजी, तू नुसतं सांग, दसऱ्याला सकाळपासून काय काय झालं, मी मराठीत लिहिते, एक शब्द माझा घालत नाही. दीड तास लागला. मग मी वाचून दाखवलं. त्यानं पेन मागितलं. मग डाव्या हातानं सही केली, पहिल्यांदाच, वाकडी, पाच मिनिटं लावून. खाली मी माझं लिहिलंय, ते इंग्रजी वाक्य माझं, ते मी काही न बघता जोडलं, आणि दसऱ्याला चार फोन माझे. त्याची प्रत पाकिटात आहे, बघ. मूळ कागद गुरुवारी मी स्वतः कामगार अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. सही करून झाल्यावर नाथाजीनं मला काय विचारलं माहीत आहे? भरपाईचं नाही, कामाचं नाही. “आक्का, ह्ये खरं हाय समदं. पर आता सायबांचं काय हुईल?” इतक्या दिवसांत तू एकदा तरी त्याचं काय होईल हे विचारलंस का रे? तो तुझ्या काळजीनं माझ्या सोप्यात बसला होता. मी म्हटलं, त्याचं मी बघते. आता बघायचं ते एवढंच उरलंय. साडेदहाला मी ऑफिसच्या बाहेर उभी असेन. तू ये, आणि आत गेल्यावर माझ्या आधी तू बोल.

रागावलेली, पण अजून तरी तुझीच,
आक्का